काकानं तपासलेल्या बेचाळीस सह्या

अरे, आमच्या काकाला घाबरायला कारण लागतच नाही. लिफ्टमध्ये एकटा असला तर लिफ्ट अडकेल म्हणून घाबरतो, आणि सोबत कोणी असलं तर अडकल्यावर त्याच्याशी बोलायचं काय म्हणून घाबरतो. फोन वाजला की आधी पाणी पितो, मग उचलतो. कुलूप लावून निघाला की जिन्यावरून परत वर जाऊन कुलूप ओढून बघतो, आणि ओढल्यामुळे ढिलं तर झालं नसेल ना, म्हणून पुन्हा एकदा वर जातो. असा हा माणूस. आणि ह्याच माणसानं सगळी गल्ली स्वतःच्या हातानं... थांबा, नीट सांगतो.

बँकेत मात्र काका वाघ. सव्वीस वर्षं तो एकाच टेबलाशी बसलाय आणि त्या टेबलाचं काम एकच, सह्या जुळवायच्या. एकदा त्यानं खुद्द मॅनेजरचा चेक परत पाठवला होता. "साहेब, तुमच्या सहीला शेवटी एक फाटा असतो. आज नाहीये." मॅनेजरनं मुकाट्यानं फाटा काढून दिला. सही जुळली की काका तिच्या शेजारी पेन्सिलीनं बारीक खूण करतो, आणि कागदाच्या तळाशी लिहितो, 'तपासले'. त्यानंतर त्या सहीला खोटी म्हणायची कोणाची टाप नाही. गल्लीत त्याला सगळे 'सहीवाले' म्हणतात. तो वरवर "अहो, कसलं काय" असं करतो, पण मनातून त्याला ते भयंकर आवडतं.

आता गल्ली. दोनशे वर्षांची. दगडी घरं अशी चिकटून उभी की दोन घरांत मिळून भिंत एकच. एकाकडे शिंक आली की पलीकडचा खिडकी लावतो. गल्लीच्या तोंडाशी पालिकेची पाटी, 'ऐतिहासिक परिसर'. म्हणजे काय, तर परवानगीशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही. कोपऱ्यावरच्या दाताच्या डॉक्टरनं दवाखान्यावर पाटी लावायला अर्ज केला त्याला तीन वर्षं झाली. त्याचे पेशंट अजून लवंगेच्या तेलाच्या वासावर दार शोधत येतात.

आणि गल्लीच्या टोकाला बर्फाचा जुना कारखाना. कित्येक वर्षं बंद. दोन हात जाड भिंती. त्याची मागची भिंत तीच काकूच्या स्वयंपाकघराची भिंत. भर उन्हाळ्यातही गार. काकू तिला पाठ टेकून भाजी निवडते, पेपर वाचते, काकाला बोलते. सगळं त्याच भिंतीशी.

तर एका संध्याकाळी बाईंनी सभा बोलावली. बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. वय ऐंशीला आलंय, पण अजून त्या "बसा" म्हणाल्या की जो उभा आहे तो तर बसतोच, जो बसलेला आहे तोही उठून परत बसतो.

"कारखान्यात डेटा सेंटर येतंय," बाई म्हणाल्या.

कोणाला काही कळलं नाही, पण बाईंना विचारायचं कसं? शेवटी दाताच्या डॉक्टरनं गळा साफ केला.

"कंप्युटर असतात हो. हजारो. सगळ्या जगाचे फोटो, हिशेब, पत्रं त्यांच्यात साठवलेली. ते तापतात. मग त्यांना गार ठेवायला पंखे. ट्रकएवढे."

"म्हणजे आवाज?"

"घूंऽऽऽ. चोवीस तास. थांबणं नाहीच. माझ्या मेहुणीच्या गावात असं एक आहे. तिथे टेबलावर चमचा ठेवला की सकाळपर्यंत चालत चालत काठाशी येतो."

कोणीतरी म्हणालं, पाणीही खूप लागतं त्याला, नळाचं. दुसरं कोणी म्हणालं, आपल्या भिंती चुन्याच्या आहेत, असल्या थरथरीनं एक दिवस भुगा होऊन खाली बसतील. एकेक माणूस आपापली भीती घेऊन येत होता आणि मधल्या टेबलावर ठेवत होता, आणि काका त्या सगळ्या उचलून आपल्या पोटात भरत होता.

"आणि लाइट गेली तर?" काकूनं विचारलं.

"तर जनरेटर," डॉक्टर म्हणाला. "डिझेलचे. चार. मागच्या भिंतीला लागून."

मग सगळेजण काकूकडे बघायला लागले. काकू आपल्या हातांकडे बघायला लागली.

"पण मला पाटी लावू देत नाहीत आणि ह्यांना जनरेटर कसा चालतो?" डॉक्टरचं दुःख उसळून वर आलं.

"मी विचारलं," बाई म्हणाल्या. "बाहेरून दिसत नाही, म्हणे. म्हणजे ऐतिहासिक स्वरूपाला धक्का नाही. हरकत नोंदवायची असेल तर पुढच्या बुधवारी सुनावणी आहे, त्याच्या आधी. सहीवाले, तुम्ही सेक्रेटरी. उद्या अर्ज नेऊन द्या."

पालिकेच्या ऑफिसची काकाला लिफ्टहून जास्त भीती. पण त्यानं मान हलवली, कारण बाईंना नाही म्हणायची भीती त्या भीतीहून मोठी होती.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून काका गेला. तीन खिडक्या, दोन बंद. तिसरीत एक कारकून कपाळावर चष्मा चढवून तोच चष्मा टेबलावर शोधत होता. काकानं सांगायचं धाडस केलं नाही. चष्मा सापडेपर्यंत वीस मिनिटं उभा राहिला.

"हरकत?" कारकुनानं अर्ज उलटा धरून पाहिला, मग सुलटा. "ह्या गल्लीची? अहो, तुमची तर संमती आलीय. बेचाळीसच्या बेचाळीस घरांची."

"संमती? कसली संमती?"

कारकुनानं फाईल काढली, धूळ काकाच्या बाजूला झटकली आणि एक पान समोर धरलं. सह्याच सह्या. काकाच्या मनात पहिला विचार काय आला माहितीय? की वा, काय सुंदर जुळल्यात!

दुसरा विचार आला तेव्हा त्याला खिडकीची कड धरावी लागली. प्रत्येक सहीशेजारी पेन्सिलीची बारीक खूण होती. आणि तळाशी, त्याच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात, 'सर्व सह्या माझ्यासमोर झाल्या. तपासले.' खाली त्याची सही. फाट्यासकट.

आता हे झालं कसं ते सांगतो. गल्लीची एक फिरती वही आहे. पाणी येणार नाही, गटार साफ होणार, जिन्याला रंग लागणार, काहीही असो, सूचना वहीत चिकटवायची आणि सेक्रेटरीनं ती दारोदार न्यायची. दारात उभं राहून तोंडानं सांगायचं काय आहे ते, समोरच्यानं सही करायची, झालं. चाळीस वर्षांत त्या वहीतलं एक अक्षर कोणी वाचलेलं नाही. वाचायचं कशाला? समोर माणूस उभा राहून सांगतोय की! उलट वाचायला घेतलं तर सांगणाऱ्याला वाईट वाटायचं, माझ्यावर विश्वास नाही का म्हणून.

दीड महिन्यापूर्वी कंपनीचा एक माणूस काकाकडे आला होता. इतका नम्र, इतका नम्र, की खुर्चीत बसण्यापूर्वी त्यानं खुर्चीची परवानगी मागितली असती. चार पानी कागद. पहिल्या पानावर 'गल्लीची मोजणी करण्यात येईल' असं लिहिलेलं. काकानं ते पान मन लावून वाचलं, त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या, नम्र माणूस खजील झाला, काका खूश झाला. मधली दोन पानं आकड्यांची. आणि चौथ्यावर सह्यांची जागा. वरती बारीक अक्षरात काहीतरी होतं, पण सह्यांचं पान समोर आलं की काकाला मजकूर दिसतच नाही. सव्वीस वर्षांची सवय. सह्या दिसतात फक्त.

मग काका त्याला घेऊन बेचाळीस दारं फिरला. प्रत्येक दारात म्हणाला, "मोजणी आहे. करा सही." आणि नुसत्या सह्या घेऊन गप्प बसेल तर तो काका कसला! बाईंची सही वेलांटीत अडखळली म्हणून पुन्हा करायला लावली. काकूची तर काही केल्या जुळेना, तिला कणकेच्या हातानं दोनदा उठवलं. आख्ख्या शहरात इतकी पक्की संमती कोणी कधी दिली नसेल.

"मग आता?" काकानं कारकुनाला विचारलं. आवाज असा आला की कारकुनानं मागे कोणी मूल उभं आहे का ते पाहिलं.

"आता मागे घ्यायची असेल तर प्रत्येकाचा वेगळा अर्ज लागेल. त्यावरची सही ह्या सहीशी जुळली पाहिजे, नाहीतर बाद. आणण्यापूर्वी कोणाकडून तरी तपासून घ्या. जाणकार माणूस बघा कोणी."

काका घरी आला आणि बाईंना सांगितलं, "साहेब जागेवर नव्हते." आयुष्यातलं पहिलं खोटं. ते बोलताना त्याचे कान इतके लाल झाले की बाईंनी ताप आहे का विचारलं.

पण अशा गोष्टी लपतात होय? तिसऱ्याच दिवशी पालिकेतला एक पेशंट दाताच्या डॉक्टरकडे दाढ काढायला आला आणि भूल चढण्यापूर्वी बोलून गेला, की तुमच्या गल्लीतनं कोणीतरी कंपनीला संमती मिळवून दिलीय. कोणी, ते सांगेपर्यंत जीभ जड झाली. डॉक्टरनं दाढ तशीच ठेवली आणि बाईंकडे धावला.

पुन्हा सभा. ह्या वेळी खोलीत कोणी मोठ्यानं बोलेना. प्रत्येकजण शेजारच्याकडे तिरकं बघत होता. चाळीस वर्षं एकमेकांच्या घरची साखर आणणारी माणसं, आणि बायका आपल्या पिशव्या मांडीवर घट्ट धरून बसलेल्या.

"फितूर आपल्यातच आहे," डॉक्टर म्हणाला.

"अशा माणसाला गल्लीत राहूच देऊ नये!" काका ओरडला. घाबरला की त्याचा आवाज नको तितका मोठा होतो.

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "ठराव करा. सहीवाले, लिहून घ्या."

काय करणार? सेक्रेटरी ना. काकानं वही उघडली आणि सुंदर अक्षरात स्वतःच्याच विरुद्ध ठराव लिहिला. 'ज्या इसमाने ही संमती मिळवून दिली त्याच्याशी गल्लीतील कोणीही बोलणेचालणे ठेवू नये.' 'ठेवू' मधला ऊकार पहिला की दुसरा ते बाईंनी तपासलं. मग सगळ्यांनी हात वर केले. एकमतानं मंजूर.

घरी आल्यावर मात्र त्याच्यानं राहवेना. काकू भिंतीला टेकून पालेभाजी निवडत होती. काका समोर बसला आणि सगळं ओकला.

काकूनं जुडी खाली ठेवली. "म्हणजे मीसुद्धा सही केली?"

"तू तर दोनदा केलीस."

"मी विचारलं होतं तुम्हाला, कशाची सही म्हणून! तर म्हणालात, हात पूस आधी, शेपटी नीट काढ."

"जुळत नव्हती गं."

"जुळली ना आता? बसा मग जुळवत." तिनं मागे हात नेऊन भिंतीवर तळवा ठेवला. मग ती हळू म्हणाली, "चार जनरेटर. आपण जेवायला बसलो की चार जनरेटर पाठीशी. अहो, सांगून टाका बाईंना."

"सांगितलं तर कोणी बोलणार नाही माझ्याशी."

"मी बोलेन."

"तुला नाही बोलता येणार. ठराव एकमतानं झालाय. तूही हात वर केला होतास."

काकू बघतच राहिली. तिलाही मुद्दा पटला असावा.

मग काकाच्या डोक्यात एक युक्ती आली. घाबरलेल्या माणसाच्या युक्त्या असतात तशीच. लोक न वाचता सही करतात ना? मग ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं परत आणायचं! त्यानं माघारीचे बेचाळीस अर्ज वहीत घातले, आणि रविवारी सकाळी निघाला, चेहऱ्यावर साधं हसू ठेवून. दारात उभं राहायचं, "पाणी उद्या उशिरा येईल, करा सही" म्हणायचं, आणि पुढे व्हायचं.

पहिलंच दार दाताच्या डॉक्टरचं. "पाणी उद्या उशिरा—"

"थांबा हं," डॉक्टर म्हणाला. "आता मी न वाचता कशावर सही करत नाही. दिवस वाईट आहेत." आणि त्यानं तो कागद दात बघायच्या दिव्याखाली धरला.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या वहीतलं कोणीतरी वाचत होतं, आणि ते आजच! काकानं कागद ओढून घ्यायचा प्रयत्न केला. डॉक्टरच्या मनगटात दाढा उपटण्याचं बळ. कागद सुटला नाही.

"'दिलेली संमती मागे घेण्याबाबत'," डॉक्टरनं वाचलं. "मी दिलेली? मी कधी दिली?" आणि मग दिव्याचा झोत हळूहळू कागदावरून काकाच्या तोंडावर आला. "सहीवाले, आ करा... नाही, म्हणजे, बोला!"

पाच मिनिटांत काका बाईंच्या खोलीत होता. बाईंनी दार लावून घेतलं. खुर्ची समोरच होती, पण बाई "बसा" म्हणाल्या नव्हत्या. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाहेर जिन्यावर गल्ली गोळा झाली होती, आणि दार जुनं, फटी मोठ्या, तेव्हा सगळ्यांना सगळं कळलं. आपापली सहीसुद्धा आठवली. फितुराला शोधायला निघालेले एकेकजण आपल्या चपलांकडे बघत उभे होते.

माघारीच्या अर्जावर सही करायची, तर संमती दिली होती हे कबूल केल्यासारखं; ते कोणालाच नको होतं. दुसरी वाट आधी सुचली ती डॉक्टरलाच. दार ढकलून आत आला. "सोपं आहे हो! म्हणायचं, सह्या खोट्या आहेत. कंपनीनं बनवल्या. आणि सांगणार कोण, तर सह्यांमधला जाणकार, सव्वीस वर्षांचा अनुभव! सहीवाले म्हणाले खोटी, की खोटी!"

जिन्यावर एकदम जीव आला. कोणी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"पण माझी खूण आहे प्रत्येक सहीशेजारी," काका म्हणाला.

"खूणही खोटी!"

"अहो, बँकेला कळलं तर? सहीवर खोटं बोललो म्हणून मला त्या टेबलाशी पुन्हा कोण बसू देईल? काढून टाकतील मला."

"आणि नाही बोललात तर बेचाळीस घरांच्या भिंती थरथरतील," डॉक्टर म्हणाला. "बघा बुवा. तुमचं तुम्ही ठरवा."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. काकाला तेच जास्त लागलं.

बुधवारी सकाळी सगळी गल्ली पालिकेच्या सभागृहात. काकाला दोन बाजूंनी दोघांनी धरून आणलं होतं, वरकरणी आधार म्हणून. समोर पडद्यावर संमतीचं पान भिंतीएवढं मोठं करून लावलेलं. काकूच्या सहीवरचा कणकेचा ठसा बशीएवढा दिसत होता. नम्र माणूस पहिल्या रांगेत, सगळ्यांना हात जोडून हसत.

अधिकारी तरुण होता, हसत नव्हता. "रहिवाशांचं म्हणणं, सह्या खोट्या आहेत. कोण सांगणार?"

मागून कोणीतरी काकाच्या पाठीत बोट खुपसलं. तो उभा राहिला.

"आपण?"

"सेक्रेटरी. आणि, म्हणजे, बँकेत सह्या तपासतो."

"किती वर्षं?"

"सव्वीस."

"उत्तम. मग तपासून सांगा." मूळ कागद त्याच्या हातात आला.

त्यानं कागदाकडे पाहिलं. बाईंची सही, फळ्यावर लिहावी तशी सरळ. डॉक्टरची, औषधाच्या चिठ्ठीसारखी, फक्त त्यालाच कळणारी. काकूची, पहिल्या अक्षराला उगीच मोठी, कारण ती सही करताना नेहमी दुसरीकडे बघत असते. ह्यातली एकसुद्धा त्यानं अंधारात ओळखली असती. खोट्या आहेत, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. त्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. मागे बेचाळीस घरांनी श्वास धरला होता, तो त्याला मानेवर जाणवत होता.

"खऱ्या आहेत," काका म्हणाला.

मागच्या सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या. नम्र माणसानं फाईल मिटायला घेतली.

"सगळ्या?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"सगळ्या. काही तर मी परत करून घेतल्यात." आणि इथे काय झालं माहितीय, काकाला एवढी भीती वाटली, एवढी, की बोलणं थांबवायचीच भीती वाटायला लागली. थांबला की मागे वळावं लागलं असतं ना! "पण साहेब, मी सही बघतो. मजकूर बघत नाही. बँकेत मजकूर बघायला शेजारी दुसरं टेबल आहे. गल्लीत ते टेबलच नाही. गल्लीत दारात उभं राहून तोंडानं सांगायचं आणि समोरच्यानं सही करायची. मी बेचाळीस दारांत सांगितलं, मोजणी आहे. चूक माझी. पण हे गृहस्थ माझ्याबरोबर होते. प्रत्येक दारात होते. चहा प्यायले."

अधिकारी नम्र माणसाकडे वळला. "होतात तुम्ही?"

"हो, म्हणजे, सौजन्य म्हणून—"

"ते 'मोजणी आहे' म्हणत होते, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

नम्र माणसानं कॉलर सैल केली. "मी... साखर कमी घाला म्हणालो."

सभागृहात कोणी हसलं नाही. हसायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतंच. आणि मग मागे एक खुर्ची सरकली. बाई उभ्या राहिल्या होत्या.

"माझी सही खरी आहे," बाई म्हणाल्या. "मी वाचलं नव्हतं."

अरे, ज्या बाईंनी प्रगतिपुस्तकावर न वाचता सही केली म्हणून मुलींच्या आयांना शाळेत बोलावून घेतलंय, त्या बाई! त्यांचा आवाज थोडा कापला. पण त्या बसल्या नाहीत. मग डॉक्टर उठला. "मीही नाही वाचलं." मग त्याच्या मागचा, मग त्याच्या बाजूची. टाइप करणाऱ्या माणसाची बोटं दुखायला आली. एक्केचाळीस वेळा तेच वाक्य, 'सही माझी आहे, वाचले नव्हते'. काकू शेवटी उठली. "मी विचारलं होतं," ती म्हणाली. "तेवढं लिहा."

अधिकाऱ्यानं संमती बाजूला ठेवली. रद्द नाही केली हं, बाजूला ठेवली. कंपनीनं एका महिन्यात पूर्ण प्रकल्प, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, प्रत्येक घरात बसून वाचून दाखवायचा, सोबत पालिकेचा माणूस. मग प्रत्येकानं हो किंवा नाही सांगायचं.

परत येताना काकाशी कोणी बोलेना. राग होता की ठराव, हेच कोणाला नक्की माहीत नव्हतं. डॉक्टर बराच वेळ शेजारून चालला, दोनदा तोंड उघडलं, मग आठवून मिटलं. गल्लीच्या तोंडाशी बाई थांबल्या. "ठराव मागे घ्यायला सभा लागेल," त्या पाटीकडे बघत म्हणाल्या. "तोवर मला बोलता येणार नाही. सूचना देता येईल. वही उद्यापासून माझ्याकडे." इतकी वर्षं दारोदार फिरवलेली वही काढून घेतली! काकानं ती दोन्ही हातांनी दिली, आणि खरं सांगायचं तर घरी जाऊन जेवला नाही.

चार दिवसांनी नम्र माणूस आला, पालिकेच्या माणसाला घेऊन. पहिलं घर काकाचं. हातात पाचशे ग्रॅमची फाईल. मागच्या वेळी चार पानं होती, आता एकतीस.

नम्र माणसानं वाचायला सुरुवात केली. आणि सांगतो तुम्हाला, न वाचता सही केली तेव्हा काका जेवढा घाबरला नव्हता तेवढा आता ऐकताना घाबरला. प्रत्येक कलमाला त्याचा चेहरा एकेक छटा उतरत गेला. पाणी, रोज अमुक हजार लिटर. टाकी, गल्लीखालून नवा पाइप. आणि मग, "कलम एकोणीस. जनरेटर, संख्या सहा. सामाईक भिंतीपासून अंतर दीड मीटर. चाचणी दर आठवड्याला, सकाळी."

आतून काकू बाहेर आली, हात पुसत. "ते परत वाचा."

त्यानं परत वाचलं. आवाज बारीक झाला होता.

"चार होते ना?" काका म्हणाला.

"सुधारित आराखड्यात सहा आहेत, सर."

काका उठून उभा राहिला. टेबल धरलं. "हरकत आहे," तो म्हणाला. आवाज चिरकला, पण आला. "माझी हरकत आहे."

"नक्कीच, सर. हक्कच आहे आपला. लिहून घेतो." नम्र माणसानं अतिशय अदबीनं शेवटचं पान उलगडून समोर सरकवलं आणि पेनचं टोपण काढून दिलं. "फक्त इथे एक सही. की तुम्हाला सगळं वाचून दाखवलं."

काकानं पेन घेतलं. पान समोर. सहीची रेघ समोर. सव्वीस वर्षांचा हात आपोआप खाली निघाला होता.

काकूनं ते पेन त्याच्या बोटांतून काढून घेतलं, स्वतःच्या अंबाड्यात खोचलं, आणि पहिलं पान त्याच्या पुढ्यात ठेवलं.

"आधी ह्यांना स्वतः वाचू द्या," ती म्हणाली. "मग पेन मागा माझ्याकडे."

काकानं चष्मा लावला, बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि वाचायला लागला, ओठ हलवत, सावकाश. नम्र माणसानं घड्याळाकडे पाहिलं. अजून एक्केचाळीस घरं बाकी होती.